पहिल्या एल्क-हंगामाआधी: गोळीची ऊर्जा, तिचे फुलणे आणि तुमचे स्वतःचे अंतर

कोलोराडोत एल्क (उत्तर अमेरिकेतले मोठे हरीण) किंवा साध्या हरणाच्या शिकारीचा परवाना काढला की नियमपुस्तिकेत रायफलीबद्दलच्या अटी वाचाव्या लागतात. गोळीचा व्यास किमान .२४ इंच हवा. हरणासाठी तिचे वजन किमान ७० ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) हवे, एल्क आणि त्याहून मोठ्या मूस हरणासाठी ८५ ग्रेन. कारखान्याच्या आकड्यांनुसार १०० यार्डांवर तिच्यात किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा उरलेली हवी. शिवाय गोळी फुलणारी हवी, म्हणजे जनावरात शिरल्यावर जिचे टोक पसरते अशी, मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाची.

नवखा शिकारी यातल्या ऊर्जेच्या आकड्यालाच धरून बसतो, कारण तो डब्यावर ठळक छापलेला असतो आणि दोन काडतुसांची तुलना त्यावरून झटकन करता येते. माझे म्हणणे असे की त्या आकड्याला तिसरे स्थान द्या. गोळी जनावरापर्यंत पोहोचताना तिचा वेग किती उरतो आणि त्या वेगाला ती फुलते का, हे पहिले. तुमचा नेम किती अंतरापर्यंत पक्का आहे, हे दुसरे. ऊर्जा त्यानंतर. या तिन्हींतून एक आकडा काढायचा असतो, तुमचे कमाल अंतर. रानात पाऊल टाकण्याआधी तो आकडा तुमच्याकडे असला पाहिजे. जनावराला विनाकारण यातना होऊ नयेत असे ज्याला मनापासून वाटते, त्याने हा हिशेब टाळू नये.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि मित्रांबरोबर किंवा सहकाऱ्यांबरोबर पहिल्यांदाच हंगामाला निघालेल्या मराठी माणसासाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पुढचे काहीही गावाकडच्या रानात करून पाहण्यासाठी नाही.

पायरी १: आधी कागदपत्रे

कोलोराडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. अभ्यासक्रम उत्तम असतो. तो उरकून टाकायची बाब समजू नका.

आपल्या लोकांसाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट व्हिसाची. एच-१बी, एफ-१, एल-१ हे सगळे बिगर-स्थलांतरित व्हिसा. अमेरिकेचा संघीय कायदा अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसे बाळगायला मनाई करतो. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने कायदेशीरपणे दिलेला, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. म्हणजे क्रम असा: आधी परवाना, मग बंदुकीला हात. मित्राची रायफल सरावापुरती हातात घेणे हेसुद्धा ‘बाळगणे’ ठरू शकते. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट लागू नाही. बाकीच्यांनी वकिलाला एकदा विचारावे, कारण इथली चूक स्थलांतराच्या प्रकरणात वर्षानुवर्षे छळते.

पायरी २: डब्यावरचे आकडे वाचा

काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. उडते ती फक्त गोळी. तिचे वजन ग्रेनमध्ये देतात. एका ग्रॅममध्ये साधारण १५.४ ग्रेन. वेग फूट प्रति सेकंदात, ऊर्जा फूट-पाउंडात. ऊर्जा स्वतः काढायची तर वेगाचा वर्ग करा, गोळीच्या ग्रेनमधल्या वजनाने गुणा आणि ४,५०,२४० ने भागा.

.३०८ विंचेस्टर या काडतुसाची १५० ग्रेनची गोळी नळीतून २८२० फूट वेगाने निघते, तेव्हा उत्तर येते सुमारे २६५०. थर्टी-थर्टी (.३०-३०) या काडतुसाची तेवढ्याच वजनाची गोळी २३९० फुटांनी निघते आणि उत्तर येते १९०० च्या आसपास. वजन सारखे असूनही ऊर्जेत एवढा फरक पडतो, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. वजन दुप्पट केले तर ऊर्जा फक्त दुप्पट.

पण नळीच्या तोंडाशी उभे असलेले एल्क कुणी पाहिलेले नाही. डब्याच्या मागच्या बाजूला १००, २००, ३०० यार्डांचे रकाने असतात, ते वाचायला लागा. तुमच्या कामाचे आकडे तिथे आहेत.

पायरी ३: ऊर्जेकडून काय मागायचे नाही

मोठ्या गोळीने जनावर उडून पडते, ही समजूत अजून टिकून आहे. हिशेब करून पाहा. १५० ग्रेन म्हणजे ९.७ ग्रॅम. ती सेकंदाला ८६० मीटर वेगाने येऊन ३०० किलोच्या एल्कमध्ये पूर्ण अडकली, तरी त्या धक्क्याने एल्कला मिळणारा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटरसुद्धा नाही. रायफलीचा दस्ता तुमच्या खांद्याला जो धक्का देतो, त्याच जातीचा हा धक्का. तुम्ही उडून पडत नाही आणि एल्कही पडत नाही.

जनावर मरते ते दोन रीतींनी. मेंदू किंवा कणा फुटला तर जागच्या जागी कोसळते. बहुतेक वेळा मात्र हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या किंवा दोन्ही फुफ्फुसे फाटतात, रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो. हृदय पूर्ण निकामी झाले तरी मेंदूत साधारण १० ते १५ सेकंदांची शुद्ध उरते, आणि तेवढ्या वेळात हरीण १०० यार्डांपर्यंत पळू शकते. गोळी वर्मी बसूनही जनावर पळाले म्हणून घाबरून जाऊ नका.

मग ऊर्जेचे काम काय? गोळीला मांसात आणि हाडांतून रेटून नेणे, तिचे टोक उलगडणे, आजूबाजूचे ऊतक फाडणे. ही सगळी कामे ऊर्जेतूनच होतात, म्हणून ती लागतेच. पण ती कुठे आणि कशी खर्च होते, हे गोळीची घडण ठरवते. .४५-७० हे १८७३ चे जुने काडतूस. त्यातली ४०५ ग्रेनची शिशाची गोळी १३३० फुटांच्या मंद वेगाने निघते आणि तिची ऊर्जा भरते जेमतेम १६००, आजच्या .२४३ या हलक्या काडतुसापेक्षा कमी. तरीही त्या काळात अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात गवे याच जातीच्या जड, मंद गोळ्यांनी मारले गेले. ती मुळातच जवळपास अर्धा इंच रुंद होती आणि जड असल्याने खोल जायची.

दुसरे टोक डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युगांडाच्या करामोजा भागात त्याने शेकडो हत्ती ७ मिलिमीटरच्या रायफलीने मारले. अजिबात न फुलणाऱ्या, पूर्ण कवचाच्या गोळ्यांनी. हस्तिदंतासाठी झालेल्या त्या कत्तलीचे कौतुक करावे असे काही नाही. पण गोळीच्या अभ्यासात त्याचे नाव येते, कारण त्याने हत्तीच्या कवट्या कापून मेंदू नेमका कुठे असतो ते शिकून घेतले होते. २००० फूट-पाउंडांच्या आसपासची ऊर्जा त्याला पुरली ती त्या ज्ञानामुळे. आपल्याकडे ते कौशल्य नाही. म्हणून आपण मेंदूवर नेम धरत नाही आणि फुलणारी गोळी वापरतो.

पायरी ४: गोळीचे फुलणे समजून घ्या

ही पायरी सावकाश वाचा.

शिकारीच्या साध्या गोळीत शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याचे पातळ कवच असते. टोकाशी कवच उघडे ठेवलेले किंवा पोकळ केलेले असते. गोळी ओल्या मांसात शिरली की समोरून प्रचंड दाब येतो, टोक मागे वळते आणि अळंबीसारखी छत्री तयार होते. .३०८ ची गोळी ७.८ मिलिमीटर व्यासाची. चांगली फुलली तर १४-१५ मिलिमीटरपर्यंत जाते. व्यास जवळजवळ दुप्पट म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ जवळजवळ चौपट. फुफ्फुसातून जाताना जे छिद्र पडते, त्यात हा फरक दिसतो.

त्याखेरीज दुसरा परिणाम होतो. वेगवान गोळी आजूबाजूचे ऊतक क्षणभर बाहेर ढकलते आणि एक क्षणिक पोकळी तयार होते. स्नायू लवचिक असल्याने ते बरेचसे पूर्ववत होतात, यकृतासारखा ठिसूळ अवयव मात्र फाटतो. रायफलीच्या गोळीचा वेग साधारण २००० फुटांच्या वर असेल तर हा परिणाम ठळक असतो, त्याखाली तो झपाट्याने ओसरतो. तेव्हा दूरच्या अंतरावर फक्त गोळीने प्रत्यक्ष पाडलेल्या छिद्राचाच भरवसा.

या गोळीचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी .३०३ रायफलीसाठी उघड्या टोकाची गोळी तयार केली, म्हणून फुलणाऱ्या गोळीला जगभर ‘दमदम’ म्हणू लागले. १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्याने युद्धात अशी गोळी वापरण्यास मनाई केली. शिकारीत मात्र कायदा नेमकी तिचीच सक्ती करतो. युद्धातल्या मनाईमागे जखमी सैनिकाला जगण्याची संधी राहावी हा विचार होता. शिकारीत जनावर जखमी होऊन दिवसचे दिवस तडफडत राहू नये, हा. न फुलणारी गोळी हरणातून सुईसारखी आरपार जाते आणि हरीण मैलभर लांब जाऊन रात्री कुठेतरी मरते. मेळ्यात किंवा दुकानात स्वस्त मिळणारी पूर्ण कवचाची सरावाची काडतुसे घेऊन रानात जाऊ नका. कायद्यानेही ते चालत नाही.

फुलण्याला खालची आणि वरची अशा दोन मर्यादा असतात. वेग कमी पडला तर टोक उलगडतच नाही. शिशाच्या गाभ्याच्या बऱ्याच गोळ्यांना आघाताच्या वेळी १८०० फुटांच्या आसपास वेग लागतो, पूर्ण तांब्याच्या गोळ्यांना अनेकदा त्याहून जास्त. कारखानदार हा आकडा प्रसिद्ध करतात. तुमच्या गोळीचा शोधून काढाच. उलट, वेग फार असला आणि गोळी नाजूक असली तर ती फऱ्याच्या हाडावरच फुटून तुकडे होते आणि फुफ्फुसांपर्यंत पोहोचतच नाही. ५० यार्डांवर मॅग्नम (जास्त दारूच्या, जास्त वेगाच्या) काडतुसाची पातळ कवचाची गोळी नेमके हेच करू शकते, आणि तेव्हा डब्यावरचा ऊर्जेचा आकडा सगळ्यात मोठा असतो.

हा दोष जॉन नोस्लरला १९४६ मध्ये कॅनडात मूसच्या शिकारीत अनुभवायला मिळाला. चिखलाने माखलेल्या मोठ्या नराच्या अंगावर त्याच्या गोळ्या फुटत गेल्या, आत जाईनात. त्याने मग गोळीच्या मधोमध तांब्याचा आडवा पडदा ठेवला: पुढचे शिसे फुलेल, मागचे शाबूत राहून खोल जाईल. १९४८ पासून ती ‘पार्टिशन’ नावाने विकली जाते आणि आजही एल्कवाले ती घेतात.

आज दुकानात ढोबळमानाने तीन घराणी दिसतील. साधी शिसे-कवचाची गोळी स्वस्त, लवकर फुलते, हरणाला पुरेशी, पण तिचे वजन बरेच घटते. कवचाशी वितळवून जोडलेल्या गाभ्याची गोळी फुलूनही बहुतेक वजन राखते. पूर्ण तांब्याची गोळी पाकळ्यांनी उघडते, जवळजवळ सगळे वजन राखते आणि बहुधा आरपार जाते. एल्कसाठी नवख्याने दुसऱ्या किंवा तिसऱ्या घराण्यातली घ्यावी, असे माझे स्पष्ट मत. डब्यामागे थोडे डॉलर जास्त पडतात आणि हंगामात तुम्ही झाडणार एखाद-दुसरी गोळी. तिथे काटकसर करू नका. कॅलिफोर्नियात तर प्रश्नच नाही. कॉन्डॉर गिधाडांना शिशाची विषबाधा होत असल्याने १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे.

पायरी ५: तुमचे अंतर काढा

एक वही घ्या आणि तीन आकडे लिहा.

पहिला, फुलण्याचे अंतर. .३०८ ची साधी १५० ग्रेनची गोळी घेऊ. १०० यार्डांवर वेग २५३३, २०० वर २२६३, ३०० वर २००९, ४०० वर १७७४. गोळीला १८०० फूट लागत असतील तर ४०० च्या थोडे अलीकडेच थांबायचे.

दुसरा, ऊर्जेचे अंतर. शिकाऱ्यांत हरणाला १००० आणि एल्कला १५०० फूट-पाउंड असा ठोकताळा चालतो. तो विज्ञानाचा नियम नव्हे, पण नवख्याला सुरक्षित कुंपण घालून देतो, म्हणून पाळावा. वरच्या गोळीत २०० वर १७०५ आणि ३०० वर १३४४ ऊर्जा उरते. म्हणजे एल्कसाठी २५० यार्डांच्या आसपास हद्द.

इथे जड गोळीचा गुण दिसतो. त्याच .३०८ मधली १८० ग्रेनची गोळी निघताना मंद, २६२० फूट. ३०० यार्डांवर तिचा वेग १९७४, हलक्या गोळीपेक्षा किंचितच कमी; पण ऊर्जा १५५७, हलकीपेक्षा २०० हून जास्त. जड गोळी हवेत वेग कमी गमावते आणि मांसात जास्त खोल जाते. एल्कला जायचे असेल तर १६५ किंवा १८० ग्रेन घ्या. फक्त हरणाला जायचे असेल तर १५० उत्तम.

थर्टी-थर्टीची गोळी १०० यार्डांवर १२९६ ऊर्जा राखते, म्हणून कोलोराडोच्या अटीत बसते. २०० वर ती ८५८ वर येते. दाट झाडीत हरणासाठी ती छान, मोकळ्या माळावर एल्कसाठी नाही. तिच्या गोळ्या मंद वेगालाही फुलतील अशाच घडवलेल्या असतात, त्यामुळे १८०० चा आकडा तिला जसाच्या तसा लावू नका.

हे तक्ते समुद्रसपाटीच्या आसपासच्या हवेसाठी असतात. कोलोराडोत ९००० फूट उंचीवर हवा विरळ, त्यामुळे वेग थोडा जास्त टिकतो. तो वरचा फायदा हिशेबात धरू नका, शिल्लक राहू द्या.

तिसरा, तुमचे स्वतःचे अंतर. आठ इंची कागदी ताटली लावा, कारण हरणाचे वर्म साधारण तेवढेच असते. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून नव्हे, तर गुडघ्यावर बसून, काठीच्या आधाराने, थोडे धावून धाप लागल्यावर बार टाका. ज्या अंतरावर लागोपाठच्या सगळ्या गोळ्या ताटलीत बसतात, ते तुमचे अंतर. एल्कचे वर्म मोठे असते, तरी ताटली तीच ठेवा.

या तिन्हींतला सर्वांत लहान आकडा रायफलीच्या दस्त्यावर चिकटपट्टीने लावा. बहुतेकांचा तिसराच लहान निघतो, १५० यार्डांच्या आतबाहेर. मग .३०० विंचेस्टर मॅग्नमची ३५०० फूट-पाउंड ऊर्जा विकत घेऊन काय मिळाले? खांद्याला .३०८ च्या दीडपटीहून मोठा धक्का, आणि त्या भीतीने चाप ओढताना मिटणारे डोळे. सोसेल तेवढ्याच ताकदीची रायफल घ्या आणि वाचलेल्या पैशांची सरावाची काडतुसे आणा. शिकारीची काडतुसेही आधी मैदानावर झाडून पाहा; गोळी बदलली की ती लागण्याची जागाही बदलते.

पायरी ६: बार कुठे टाकायचा

जनावर आडवे उभे असेल तेव्हा पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर या आणि छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर थांबा. तिथे दोन्ही फुफ्फुसे आणि हृदयाचा वरचा भाग सापडतो. जनावर तुमच्यापासून दूर तिरके वळलेले असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाची जागा मनात धरा आणि गोळी तिथून बाहेर पडेल असा नेम घ्या. तुमच्याकडे तिरके किंवा तोंड करून असेल, पाठमोरे असेल, चालत असेल, तर थांबा. गोळीला अशा वेळी जास्त हाड आणि जास्त मांस कापावे लागते आणि कोठा फुटण्याचा धोका वाढतो. मागे मातीचा उंचवटा नसेल, कड्याच्या कडेवर जनावर आभाळासमोर उभे असेल, तर अंतर कितीही कमी असो, बार नाही. नारिंगी किंवा गुलाबी झगझगीत कापड अंगावर किमान ५०० चौरस इंच हवे, आणि डोक्यावरही. हा कोलोराडोचा नियम आहे आणि माणसांचे जीव त्याने वाचतात.

पायरी ७: बार टाकल्यावर

लगेच दुसरे काडतूस भरा आणि जनावरावर नजर ठेवा. ते उभे होते ती जागा आणि शेवटचे दिसले ती जागा, दोन्ही झाडांच्या किंवा दगडांच्या खुणेने पक्क्या करा. मग निदान अर्धा तास बसून राहा. मागे धावलात तर जखमी जनावर उठून आणखी दूर जाते.

नंतर रक्त वाचा. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस. जनावर जवळच सापडेल. गडद लाल आणि फेस नसलेले असेल तर बहुधा यकृत. काही तास थांबा. हिरवट, दुर्गंधी येणारे, त्यात चाऱ्याचे कण असतील तर कोठा किंवा आतडी; सहा तास किंवा जास्त थांबा आणि मदतीला माणसे बोलवा. आरपार गेलेली गोळी इथे उपयोगी पडते. दोन छिद्रे, त्यातले एक खालच्या बाजूला, म्हणजे रक्ताचा माग स्पष्ट पडतो. ‘सगळी ऊर्जा जनावरातच खर्च व्हावी, गोळी आत राहावी’ असे सांगणारे भेटतील. एल्कच्या बाबतीत त्यांचे ऐकू नका. रक्त दिसले नाही तरी शोध सोडायचा नाही. जाड केस आणि चरबी सुरुवातीचे रक्त बराच वेळ आत धरून ठेवतात.

जनावर सापडले की परवान्याचा टॅग तिथल्या तिथे भरा. मग आतडी काढून मांस थंड करा. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे कोलोराडोत गुन्हा आहे. सोलताना जखमेची वाट पाहा: प्रवेशाचे छिद्र, फुलण्याची सुरुवात कुठे झाली, बाहेर पडली असेल तर केवढे भोक. गोळी कातड्याखाली अडकलेली सापडली तर धुऊन तिचे वजन करा आणि अंतरासह वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी गोळी निवडताना ही नोंद जाहिरातीपेक्षा जास्त कामाची ठरते.

शिशाची गोळी वापरली असेल तर मांस कापताना सढळ हाताने टाका. एक्स-रे काढल्यावर दिसते की शिशाचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच इंचांपर्यंत पसरलेले असतात, डोळ्यांना ते दिसत नाहीत आणि पाण्याने धुऊन निघत नाहीत, उलट पसरतात. काळेनिळे पडलेले सगळे मांस आणि त्याभोवतीचा चांगला रुंद भाग काढून टाका, आणि तो भाग खिम्याच्या यंत्रात मुळीच घालू नका. घरात लहान मुले किंवा गरोदर बाई असेल तर पुढच्या हंगामाला तांब्याचीच गोळी घ्या.